एकाच साखळीने मोजणे : ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि युक्तिवादाची नीती

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या शेतकरी गावात युक्तिवादाची खरी कसोटी लागते ती धुऱ्याच्या वादात. धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. समजा, तेथील एका शेतकऱ्याचे म्हणणे असे, की शेजाऱ्याने दरवर्षी एकेक तास पुढे सरकत आपला धुरा कोरला. तो सातबाराचा उतारा काढून दाखवतो. शेजारी गावातला एक म्हातारा साक्षीला आणतो आणि म्हाताऱ्याच्या आठवणीत धुऱ्यावरचा कडुनिंब पहिल्यापासून आज आहे तेथेच असतो. पारावर बसलेल्या मंडळींपैकी कोणीही न्यायशास्त्र वाचलेले नसते. तरीही सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही, हे त्यांना ठाऊक असते. झाड जुने आहे एवढ्यावरून ते हद्दीवरच लावले होते असे ठरत नाही, हेही ठाऊक असते. अखेर मोजणी आणावी लागते. मोजणीचा पहिला नियम असा, की ज्या साखळीने एक शेत मोजायचे तिनेच दुसरेही मोजायचे. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. वादीच्या शेताला ३३ फुटांची आणि प्रतिवादीच्या शेताला ३० फुटांची साखळी लावली, तर आकडे कितीही काटेकोर मांडले तरी ती मोजणी नव्हे, अन्याय होय.

या साध्या दाखल्यात एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याला आपले म्हणणे पटवून देणे हे केवळ कौशल्य आहे, की त्याला स्वतःची अशी नीती आहे? कौशल्य म्हणावे, तर ऐकणाऱ्याला पटले की काम झाले. नीती म्हणावी, तर ‘पटले’ आणि ‘पटण्याजोगे होते’ यांत फरक करावा लागतो, आणि पटवणाऱ्यावर काही बंधने येतात. साहित्यसमीक्षेच्या क्षेत्रात या प्रश्नाची चर्चा बहुधा वक्तृत्वशास्त्राच्या अंगाने होते आणि तिचे दाखले ॲरिस्टॉटलपासून पेरेलमनपर्यंतच्या पाश्चात्त्य परंपरेतून येतात. मराठी निबंधवाङ्मयात मात्र या प्रश्नाला थेट भिडणारा एक ग्रंथ आहे. धुऱ्याचा दाखला ज्या जिल्ह्यातून घेतला, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी राहणाऱ्या लेखिकेचा तो आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापला गेला आणि त्याच्या ५०० प्रती निघाल्या. स्त्रीमुक्तीच्या इतिहासातील त्याचे स्थान आता सर्वमान्य आहे. युक्तिवाद म्हणून त्याची रचना कशी आहे, ती कोठे भक्कम आहे आणि कोठे ताणलेली आहे, याची चिकित्सा मात्र त्या मानाने कमी झाली. गौरव आणि चिकित्सा या भिन्न गोष्टी आहेत, आणि वाद घालण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाचा खरा मान चिकित्सेनेच राखला जातो.

निबंधाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करण्यात आली. या प्रकरणाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतिभ्रष्टतेवर लेखन झाले. पुण्याच्या सनातनी वळणाच्या ‘पुणेवैभव’ पत्रातील असे लेखन ताराबाईंच्या उत्तराचे निमित्त ठरले. ताराबाईंचे वडील बापूजी हरि शिंदे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. ताराबाईंना घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजीचे शिक्षण मिळाले. शाळा, सभा, वृत्तपत्र यांपैकी कोणतीच पीठिका पाठीशी नसलेल्या एका स्त्रीने, मराठा घराण्यातील बंदिस्त चालीरीतींत राहून, छापील मजकुराला छापील मजकुराने दिलेले हे उत्तर होते.

ज्याचे खंडन करायचे तो युक्तिवाद काय होता? त्याचे अवयव सुटे केले तर ते असे दिसतात : एका विधवेने अर्भकहत्या केली, असे स्त्रियाच करतात, म्हणून स्त्रीजात स्वभावतःच साहसी, कपटी आणि अनीतिमान आहे. ‘साहस’ हा शब्द येथे धाडस या आजच्या अर्थाने नाही, बेदरकार दुष्कृत्य या जुन्या अर्थाने घ्यावयाचा. स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण, हे दाखविण्यासाठी निबंध रचला असल्याचे ताराबाईंनी ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच जाहीर केले, ते याच अर्थाने. न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे हेतू आणि साध्य यांच्यामध्ये व्याप्ती नाही. एका व्यक्तीच्या कृत्यावरून सबंध जातीच्या स्वभावाकडे जाताना मधला पूल बांधलेलाच नाही. अक्षपाद गौतमाने छलाचे जे तीन प्रकार सांगितले त्यांतील सामान्यछलाशी या चुकीचे जवळचे नाते आहे. एखाद्या वर्गात जे संभवते ते त्या वर्गातील प्रत्येकाला अवश्य लागू आहे असे धरून चालणे, हे त्याचे स्वरूप. १९५८ साली स्टीफन टुलमिन यांनी ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या ग्रंथात माहिती आणि निष्कर्ष यांना जोडणारा जो आधारनियम वेगळा काढून दाखवला, तोही याच पुलाचा शोध होता. पूल जितका अदृश्य, तितका वाचक त्यावरून बेसावधपणे चालत जातो.

ताराबाईंचे पहिले यश हे, की त्या या पुलावरच बोट ठेवतात. मात्र त्याला उत्तर म्हणून सर्व स्त्रिया निर्दोष आहेत असे सिद्ध करण्याच्या भरीस त्या पडत नाहीत. तसे केले असते तर एका अतिव्याप्त विधानाला दुसऱ्या अतिव्याप्त विधानाचे उत्तर झाले असते आणि एका विजयालक्ष्मीच्या उदाहरणाने ते कोसळलेही असते. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. जे दोष स्त्रियांच्या अंगी असल्याचे सांगितले जाते ते केवळ स्त्रियांच्याच अंगी आहेत, की पुरुषांतही तेच दिसतात? संस्कृत सुभाषितांतून स्त्रीनिंदेची जी यादी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आली, तिच्यातील एकेक दोष त्या हाती घेतात आणि तोच पुरुषाला लावून पाहतात. विधवेने जे सोसावे ते विधुराने का सोसू नये? पत्नी गेल्यावर पुरुष आपल्या मिशा उतरवून वनात जातो काय? पोशाख, खाणेपिणे, चालीरीती यांत पुरुषांनी इंग्रजी वळण सुखाने स्वीकारले, मग धर्म सांभाळण्याचा सारा भार स्त्रीच्याच माथी का? हे प्रश्न भावनेला हात घालणारे आहेत खरे. पण तर्काच्या दृष्टीने प्रत्येक प्रश्नात एकच कृती घडते आहे. साखळी तीच ठेवून शेत तेवढे बदलले जाते. शीर्षकातील ‘तुलना’ हा शब्द विषय सांगतोच, शिवाय तो पद्धतीचेही नाव आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचा वाटावा असा मुद्दा पुढे येतो. स्त्रियांच्या दुर्गुणांचा पुरावा त्या काळी केवळ न्यायालयातून येत नव्हता. तो कादंबऱ्या-नाटकांतूनही येत होता. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ हे नाटक, स्त्रीचरित्राच्या गोष्टी या साऱ्यांतील स्त्रीचित्रणावर ताराबाईंनी आक्षेप घेतले. त्यांना मराठीतील स्त्रीवादी समीक्षेचा आरंभ म्हणण्याचा प्रघात योग्यच आहे. पण या आक्षेपांत आणखी एक विचार आहे, तो प्रमाणशास्त्राचा. कल्पित पात्र हे उदाहरण होऊ शकते काय? न्यायदर्शनाने दृष्टान्ताची जी अट घातली ती येथे आठवावी. ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचेही एकमत असते, तीच दृष्टान्त म्हणून मांडता येते. स्वयंपाकघरातील धूर आणि अग्नी हा दृष्टान्त चालतो, कारण जानेफळच्या पारावर आणि विद्यापीठाच्या वर्गात त्याविषयी दुमत होत नाही. कादंबरीतील दुराचारी स्त्री असा दृष्टान्त नव्हे. तिचा दुराचार लेखकाने योजलेला आहे. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच तिच्या निर्मितीत आधी घातलेले आहे. न्यायाच्या भाषेत हा साध्यसम हेत्वाभास ठरेल. समाजात रूढ असलेला पूर्वग्रह लेखक पात्रात ओततो आणि वाचक तेच पात्र त्या पूर्वग्रहाचा पुरावा म्हणून परत समाजात आणतो. हे वर्तुळ एकदा पूर्ण झाले की कल्पित आणि वस्तुस्थिती यांतील धुरा कोरला जातो आणि कोणी कोरला हेही विसरले जाते.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण प्रमाण मानायचे नसेल, तर ताराबाई स्वतः पुराणकथांतील देवादिकांचे व ऋषींचे वर्तन पुरुषांविरुद्ध कसे वापरतात? कथाच त्याज्य असेल तर ती दोन्ही पक्षांना त्याज्य ठरावयास हवी. येथे साखळी बदलली गेली काय?

उत्तर असे, की दोन्ही ठिकाणी पुराव्याचे काम भिन्न आहे. ज्याच्याशी वाद आहे तो प्रतिपक्षी पुराणांना कल्पित मानत नाही. तो त्यांना धर्माचे प्रमाण मानतो आणि स्त्रीधर्माचे नियम त्यांतूनच काढतो. त्याने मान्य केलेल्या भूमीवर तात्पुरते उभे राहून त्याचाच सिद्धान्त त्याला अडचणीचा ठरतो असे दाखवणे, ही भारतीय वादपरंपरेला परिचित रीत आहे. न्यायसूत्रांतील अभ्युपगमसिद्धान्त, म्हणजे एखादी गोष्ट न तपासता तूर्त मान्य करून पुढचा विचार करणे, याच जातीचा. ही रीत वैध आहे. परंतु तिच्या फलाला मर्यादा आहे. तिने परपक्षाचे खंडन होते, स्वपक्षाची स्थापना होत नाही. पुराणातील देव चळला या कथेवरून, पुराण प्रमाण मानणाऱ्याने स्त्रीलाच चंचल म्हणू नये, एवढे सिद्ध होते. सर्व पुरुष चळतात हे सिद्ध होत नाही. ताराबाईंची लेखणी पहिल्या मर्यादेत असते तेव्हा तिला उत्तर नाही. ती दुसरीकडे सरकते तेव्हा वाचकाने थांबून विचारले पाहिजे, की आता नेमके काय मोजले जात आहे?

हा प्रश्न निबंधाच्या मध्यवर्ती प्रतिज्ञेलाही लागू पडतो. निबंधात खरे तर दोन प्रतिज्ञा आहेत. पहिली समानतेची : जे दोष स्त्रीत सांगितले जातात ते पुरुषातही आहेत. दुसरी आधिक्याची : पुरुषांतच ते अधिक आहेत. पहिली प्रतिज्ञा तुलनेच्या पद्धतीने पुरेशी सिद्ध होते, कारण तिला उदाहरणे चालतात. ‘केवळ स्त्रियाच’ या विधानातील ‘केवळ’ पाडण्यासाठी एक विश्वासार्ह प्रति-उदाहरणही पुरते. दुसऱ्या प्रतिज्ञेला मात्र उदाहरणे पुरत नाहीत. तेथे गणना हवी किंवा कारणमीमांसा हवी. गणनेची साधने बुलढाण्यात घरी बसलेल्या स्त्रीजवळ असणे शक्यच नव्हते. कारणमीमांसा मात्र ताराबाई देतात आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. सत्ता, शिक्षण, संपत्ती आणि संचाराचे स्वातंत्र्य ज्याच्या हाती, त्याचा दोष अधिक घातक. ज्या विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद आहे तिला फसवणारा पुरुष गावात उजळ माथ्याने फिरतो आणि फाशीच्या दोराखाली ती एकटी उभी राहते. म्हणून आधिक्याची प्रतिज्ञा संख्येविषयी न वाचता जबाबदारीविषयी वाचली, तर तिला आधार आहे. संख्येविषयी वाचली, तर ती सिद्ध झालेली नाही. क्वचित त्याच आवेशात ‘सर्व पुरुष’ असा जो सूर लागतो, तो ज्या सामान्यीकरणाविरुद्ध हा निबंध लिहिला गेला त्याच्याच जवळ जातो. हे मान्य केल्याने निबंधाची उंची कमी होत नाही. त्याची पक्की बांधलेली भिंत कोणती आणि कुडाची कोणती, एवढेच कळते.

पुराव्याच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि युक्तिवादाच्या नीतीचा खरा गाभा तेथे आहे. प्रत्येक पक्षाने आपापला पुरावा आणावा, ज्याचा अधिक तो जिंकला, हा नियम वरवर निःपक्षपाती दिसतो. पण पुरावा उमटण्याची शक्यताच दोन्ही पक्षांना सारखी नसेल तर? सुरतेच्या खटल्यात अपराध दिसला तो स्त्रीचा, कारण गर्भ तिच्या देहात होता. पुरुषाच्या देहावर त्याच घटनेची कोणतीच खूण उरत नाही. म्हणून न्यायालयाच्या दप्तरात स्त्रियांची नावे साठत जातात, पुरुषांची नाहीत. आणि मग त्या दप्तराकडे बोट दाखवून म्हटले जाते, की पाहा, हे स्त्रियाच करतात. कुमारिलभट्टाच्या परंपरेतील मीमांसकांनी अनुपलब्धीला, म्हणजे ‘न दिसणे’ याला, स्वतंत्र प्रमाण मानले. पण त्याला एक अट घातली. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी योग्यता असेल तरच तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा. भरदिवसा अंगणात घागर दिसली नाही, तर घागर नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत ती दिसली नाही, एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. पुरुषाच्या अपराधाची अनुपलब्धी ही अंधाऱ्या खोलीतली आहे. ताराबाई ही परिभाषा वापरत नाहीत. पण त्या खरा आरोपी शोधताना न्यायालयाबाहेर राहिलेल्या पुरुषाकडे वळतात, तेव्हा त्या हेच करतात. त्या दिवा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेतात. भक्कम युक्तिवादाला पुष्कळ पुरावा लागतो हे खरे. त्याआधी, जो पुरावा हाती आला तो कोणत्या वाटेने आला आणि कोणता वाटेतच अडला, हा प्रश्न विचारावा लागतो.

आता स्वराविषयी. ‘स्त्रीपुरुषतुलना’ संतापाने लिहिली आहे. तिच्यात टोमणे आहेत, उपहास आहे, शिव्याशापही आहेत. विद्वत्तेच्या प्रचलित संकेतांनुसार राग हा तर्काचा शत्रू समजला जातो आणि शांत स्वर हा सत्याचा पुरावा समजला जातो. दोन्ही समजुती तपासण्याजोग्या आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुले यांच्या लेखनावर जी टीका केली, तिच्यात फुल्यांच्या भाषेतील व व्याकरणातील दोषांची थट्टा मोठ्या सफाईने केलेली आहे. वाक्यरचना निर्दोष, शैली डौलदार. पण व्याकरणाची चूक दाखवल्याने विधान खोटे ठरत नाही. वाद, जल्प आणि वितंडा यांतील भेद येथे उपयोगी पडतो. वादात सत्य शोधले जाते, जल्पात विजय शोधला जातो आणि वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडला जातो. हे भेद आवाजाच्या पट्टीवर ठरत नाहीत; बोलणारा स्वतःवर कोणते बंधन घालून घेतो यावर ठरतात. शांत स्वरातली वितंडा असू शकते आणि संतापलेला वादही असू शकतो. ताराबाईंचा राग बहुतांश ठिकाणी हेतूच्या जागी येत नाही, हेतूच्या मागून येतो. प्रश्न आधी मांडला जातो, तुलना होते, आणि मग शब्द पेटतात. राग आधी आणि हेतू नंतर असा क्रम लागतो तेथेच त्यांची बाजू दुबळी होते. शिवाय ज्याला फाशीची भीती नाही त्याने शांतपणे बोलणे हा सद्‌गुणच असेल असे नाही. ती पुष्कळदा केवळ सोय असते.

या ग्रंथाचे पुढे काय झाले, हाही या चर्चेचाच भाग आहे. निबंधावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. निबंध विस्मृतीत गेला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. १९९४ साली रोझलिंड ओ’हॅनलन यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. पहिल्या मुद्रणापासून पुनर्मुद्रणापर्यंत ९३ वर्षे गेली. या काळात निबंधातील एकही हेतू दुबळा झाला नव्हता, एकही प्रश्न सुटला नव्हता. ऐकणारे तेवढे नव्हते. म्हणजे युक्तिवाद भक्कम असणे आणि तो पटणे या दोन घटना वेगळ्या आहेत, आणि दुसरी पहिलीतून आपोआप निघत नाही. पटण्यासाठी श्रोत्यालाही काही करावे लागते. मोजणीचा निकाल आपल्या विरुद्ध गेला तर धुरा मागे घेण्याची तयारी त्याच्यापाशी हवी. ती नसेल तर साखळी कितीही खरी असो, तो साखळीवरच आक्षेप घेईल, मोजणी करणाऱ्याच्या जातीवर घेईल, बोलण्याच्या पद्धतीवर घेईल. ताराबाईंच्या बाबतीत, त्या स्त्री होत्या, एवढाच आक्षेप पुष्कळांना पुरला असावा.

म्हणून युक्तिवादाच्या नीतीचे ओझे दोघांवर विभागले पाहिजे. मांडणाऱ्याने आपली प्रतिज्ञा नेमकी सांगावी; जेवढे सिद्ध झाले तेवढेच सिद्ध म्हणावे; कल्पिताला पुरावा म्हणू नये; न दिसलेल्याला नसलेले म्हणू नये; आणि जे माप दुसऱ्याला लावले ते स्वतःला लावून घ्यावे. या शेवटच्या कलमावर ताराबाईही काही ठिकाणी कमी पडतात, आणि हे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याच पद्धतीने वाचकाला दिलेला आहे. ऐकणाऱ्याने आपण कोणत्या पुलावरून चालत आलो हे मागे वळून पाहावे. जानेफळच्या त्या कल्पित वादात मोजणी संपते, खुणेचे दगड रोवले जातात, आणि कडुनिंब कदाचित शेजाऱ्याच्या शेतात चार हात आत निघतो. त्यानंतर जो माणूस न कुरकुरता आपले तास मागे घेतो, त्याला कोणी तार्किक म्हणत नाही. पण वादाचे खरे अंग त्यालाच कळलेले असते.